गुऱ्हाळाच्या राखेतले पुरातत्त्व

पुरातत्त्व शिकण्यासाठी मी कोल्हापूरहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेलो, तेव्हा डोक्यात फक्त ब्रह्मपुरी होती. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडाचे उत्खनन 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी केले होते आणि तिथली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात मी शाळेपासून पाहत आलो होतो. त्यामुळे लघुप्रबंधासाठी मार्गदर्शकांनी नजीकच्या भूतकाळाचे पुरातत्त्व म्हणून करवीर तालुक्यातले एक बंद पडलेले गुऱ्हाळ सुचवले, तेव्हा मी खट्टू झालो.

पहिली फजिती कौलांनी केली. पडक्या छपराखालचे एक मंगलोरी कौल उलटे केले, तर त्यावर ‘बासेल मिशन’ आणि ‘1865’ अशी ठसठशीत अक्षरे होती. मी वहीत छप्पर 1865 चे म्हणून लिहून मोकळा झालो. ते साल कारखान्याच्या स्थापनेचे असून पुढेही कौलांवर उमटत राहिले, हे मार्गदर्शकांनी सांगितल्यावर ओशाळलो. ठशावरून वस्तू त्या सालाच्या आधीची नाही एवढेच ठरते; नंतर किती, हे सोबतच्या इतर वस्तूंवरून ठरवावे लागते. हा नियम सातवाहनकालीन नाण्याइतकाच दुधाच्या प्लॅस्टिक पिशवीलाही लागू आहे.

खरे शिक्षण मात्र चुलाणापाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या चुलीपाशी झाले. मालकांनी आणि गूळ रांधणाऱ्या जुन्या गुळव्यानेही जळण म्हणून आयुष्यभर चिपाडच वापरल्याचे सांगितले होते. राखेचा ढीग उभा कापून छेद घेतला, तेव्हा खाली हातभर भुरी, मऊ राख होती आणि वर चार बोटांचा काळा, चिकट थर, ज्यात केसासारख्या बारीक पोलादी तारांची गुंतवळ होती. ती टायरची तार होती. पुन्हा विचारल्यावर गुळवेमामा हसले आणि म्हणाले, “शेवटच्या दोन हंगामांत अवकाळीनं चिपाड भिजलं हुतं, मग काय करायचं?” 1973 पासून अमेरिकेतल्या टुसॉन शहरात पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजे यांनी घरगुती कचऱ्याचा अभ्यास केला, तेव्हा लोक सांगत त्यापेक्षा मद्याचे रिकामे डबे आणि बाटल्या जास्त निघत. माणसे खोटेच बोलतात असे नव्हे. जे नित्याचे वाटत नाही ते सांगण्यातून गळते.

या वाटेने येणाऱ्यांनी एक अडचण आधीच ओळखावी. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात वास्तूला आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूला साधारणपणे शंभर वर्षांची अट आहे (हस्तलिखितांना पंचाहत्तर), म्हणून अशा जागेला त्यांचे संरक्षण नसते आणि प्लॉट पडण्याआधी नोंद करणे हाच बहुधा एकमेव उपाय उरतो. नोकरीच्या जाहिरातीतही हा विषय नावाने क्वचितच येतो. मात्र मोजमाप, छेदचित्र, छायाचित्रण आणि मुलाखत ही चारही कामे एकाच जागी हाताखालून जातात.

आधी मोजावे, मगच विचारावे. मी चरकाजवळच्या खळग्याला ‘राखेचा खड्डा’ म्हटले होते. नकाशा पाहून मामांनी तो डिझेल इंजिन येण्याआधी बैलांना पाणी पाजायचा हौद असल्याचे सांगितले. मी माझे लेबल खोडले नाही, शेजारी वेगळ्या शाईने त्यांनी सांगितलेले नाव आणि तारीख लिहिली.