हेल्थ कोच लावूनही सवयी बदलत नाहीत? या चुका टाळा

रिपोर्टमध्ये एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर, ६.१ येतं. डॉक्टर सांगतात, "शुगर बॉर्डरवर आहे, खाणं सांभाळा, चालायला लागा, तीन महिन्यांनी परत बघू." पुढचे तीन महिने माणूस घरात, दुकानात, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत असतो. तिथे त्याच्या सोबतीला कोण? हेल्थ कोचचं काम इथे सुरू होतं.

या कामाला चांगला आधार आहे. अमेरिकेतल्या 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम'चे निकाल २००२ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ३,२३४ माणसं त्यात होती. जीवनशैली बदलणाऱ्या गटात प्रत्येकाला स्वतःचा कोच दिला होता. पहिल्या २४ आठवड्यांत १६ धडे, वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम असं लक्ष्य होतं. या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासात (२००६) जीवनशैलीच्या बदलाने २८.५ टक्के घट दिसली.

तरी आपल्याकडे "कोच लावला होता, दोन महिने केलं, मग सुटलं" हे वाक्य सारखं कानावर येतं. माझ्या मते याचं मुख्य कारण असं, की कोचिंग म्हणून जे चालतं त्यात बऱ्याचदा एक डाएट चार्ट, रोजचे व्हॉट्सॲप मेसेज आणि थोडी दटावणी एवढंच असतं. हे काम करणारे आणि कोच लावणारे, दोघांनीही पुढच्या चुका ओळखायला हव्यात.

ऐकून घेण्याआधी सल्ला

ही चूक सर्वांत जास्त नुकसान करते. ती ओळखायची खूण सोपी आहे: समोरच्याचं प्रत्येक वाक्य "हो, पण" ने सुरू होतं.

"काका, रोज सकाळी ४५ मिनिटं चालायचं."
"हो, पण सकाळी सहाला पाणी येतं, ते भरावं लागतं."
"मग संध्याकाळी चाला."
"हो, पण दुकान बंद करायला नऊ वाजतात."
"काका, तब्येत महत्त्वाची की दुकान?"

यानंतर काका वाद घालत नाहीत. मान डोलावतात, आणि पुढच्या आठवड्यात फोन उचलत नाहीत. कोचला वाटतं, माणूस आळशी आहे.

खरं तर काकांना बदलायचंही असतं आणि बदलणं नकोही असतं. दोन्ही एकाच वेळी. कोचने बदलाची बाजू उचलून धरली की काकांकडे दुसरी बाजू मांडण्यावाचून काही उरत नाही. आपणच दिलेली कारणं मग आपल्याला पटत जातात. दारूच्या व्यसनावर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये हे मांडलं. पुढे त्यांनी स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' ही पद्धत उभी केली. आज चांगल्या हेल्थ कोचच्या प्रशिक्षणात ती असतेच.

तेच काका, तेच दुकान. आता संभाषण असं होऊ द्या:

"काका, रिपोर्ट बघून मनात काय आलं?"
"वडील आठवले. शुगरपायी त्यांची पायाची दोन बोटं काढावी लागली होती."
"आपल्यावर ती वेळ येऊ नये असं वाटतंय."
"हो ना. धाकटीचं शिक्षण व्हायचंय अजून."
"चालणं सुरू करण्याची तयारी शून्य ते दहामध्ये किती म्हणाल?"
"चार."
"चार म्हणालात. एक का नाही म्हणालात?"
"दुपारी एक ते चार दुकान बंदच असतं की. जेवून नुसता आडवा होतो. बोळात सावली असते, दहा मिनिटं फेऱ्या मारता येतील."

कोचचा शेवटचा प्रश्न नीट पाहा. "आठ का नाही?" असं विचारलं असतं तर काकांनी अडचणींची यादी वाचली असती. "एक का नाही?" विचारल्यावर त्यांनी स्वतःच वाट शोधली, आणि ती कोचच्या ४५ मिनिटांपेक्षा त्यांच्या दिवसात जास्त चपखल बसणारी होती. जेवणानंतर चालल्याने स्नायू रक्तातली साखर वापरतात, ही माहिती आता द्यायला हरकत नाही. फक्त आधी "सांगू का?" असं विचारावं, आणि सांगून झाल्यावर "तुम्हाला काय वाटतं?" असं म्हणून थांबावं. हे थांबणं शिकायला वेळ लागतो. चांगल्या आहारतज्ज्ञांना आणि योगशिक्षकांना तर जास्तच, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं.

फी मुलाने भरली, बदलायचं बाबांनी

मुलगा बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत, आई-बाबा नाशिकला किंवा सांगलीत. मुलगा काळजीने सहा महिन्यांचं पॅकेज घेतो आणि पहिल्या व्हिडिओ कॉलवर स्वतःच बोलतो: "बाबा ऐकतच नाहीत, जरा समजवा त्यांना." बाबा बाजूला गप्प बसलेले असतात.

जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे यांनी सवय बदलण्याचे टप्पे मांडले: विचारही नसणं, विचार घोळणं, तयारी, कृती आणि टिकवणं. इथे मुलगा तयारीच्या टप्प्यावर आहे, बाबा पहिल्यावर. त्यांच्या हातात लगेच चार्ट दिला तर तो फ्रिजच्या दारावर चिकटून राहतो, एवढंच.

पहिली भेट बाबांशी एकट्याने करा. मुलाला कोणते आकडे कळवायचे हे बाबांना विचारून ठरवा. परस्पर रिपोर्ट पाठवले तर कोच त्यांच्या लेखी मुलाचा हेर होतो. आणि शुगर सोडून त्यांना स्वतःला काय हवं आहे ते ऐका. पुष्कळदा उत्तर गुडघ्यांचं असतं: देवीच्या पायऱ्या चढता येत नाहीत, नातवंडांबरोबर जमिनीवर बसता येत नाही. तिथून सुरुवात केली तर चालणं आणि वजन दोन्ही आपसूक बोलण्यात येतात. तरीही त्यांची तयारी नसेल तर "महिन्याने फोन करू का?" असं विचारून दार उघडं ठेवा. मुलाला हे समजावणं हाही कामाचाच भाग आहे.

ठराव मोठा, कृती धूसर

"व्यायाम वाढवणार", "बाहेरचं कमी करणार" ही वाक्यं वहीत छान दिसतात, पण मंगळवारी दुपारी नेमकं काय करायचं हे त्यांतून कळत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 'अमुक झालं की तमुक करीन' अशा नेमक्या योजनांचा अभ्यास केला आणि त्या निव्वळ इराद्यापेक्षा जास्त अमलात येतात असं दाखवलं. "रात्रीचं ताट उचललं की चपला घालीन आणि कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन येईन." "चारच्या चहाबरोबर खारीऐवजी मूठभर फुटाणे घेईन." योजनेतच अडचणीचीही सोय असू द्या. कोकणात जुलैमध्ये चालण्याचं ठरवलं असेल तर धो-धो पावसात ओटीवर की जिन्यात, हे आधी ठरलेलं हवं. आठवड्याला एक किंवा दोन कृती पुरतात. पाच ठरवल्या की पाचही सुटतात.

२१ दिवसांचं चॅलेंज

दर जानेवारीत आणि श्रावणात २१ दिवसांच्या चॅलेंजची लाट येते. या आकड्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. बदललेल्या चेहऱ्याची मनाला सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. त्यातला 'किमान' पुढे गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नव्या सवयींचा माग ठेवला. सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. परिणाम होतो तो चुकल्यानंतरच्या विचाराने. "आज दोन करंज्या खाल्ल्याच, आता दिवाळी झाल्यावर बघू." व्यसनमुक्तीवर काम करणाऱ्या ॲलन मार्लाट यांनी ही घसरण नीट टिपली आहे: एका चुकीतून अपराधीपणा, आणि अपराधीपणातून सगळंच सोडून देणं.

म्हणून ग्रुपवर "ज्यांनी आज फोटो टाकला नाही त्यांची नावं" अशी यादी लावू नका. लाजेपायी माणूस चार दिवस टिकतो, मग ग्रुप म्यूट करतो. गणपती-दिवाळीच्या आधीच्या भेटीत सणाचीच योजना करा: कोणता पदार्थ मनापासून आवडतो, तो किती घ्यायचा, आणि भाऊबीजेनंतर कोणत्या दिवसापासून चालणं पुन्हा सुरू. उकडीचा मोदक वर्षातून एकदा घरी होतो. तो चवीने खाऊ द्यावा.

माणसाला कोचिंग, स्वयंपाकघर मात्र बाहेर

काकांशी महिनाभर बोलणं होतं, पण फोडणी काकू घालतात. त्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं. मग एके दिवशी "तुमच्या कोचला सांगा, मी दोन-दोन स्वयंपाक करणार नाही" असं ऐकू येतं, आणि त्यांचं बरोबरच असतं. पथ्याचा वेगळा डबा ही योजना फार दिवस चालत नाही. सगळ्या घराने खायचं तेच थोडं बदलावं: आमटी दाट, भाजी दुप्पट, भाताची मूद एकच, कोशिंबीर रोज.

तेलासाठी उपदेश नको, हिशोब करा. महिन्याला किती तेल आणता? चौघांच्या घरात ५ लिटर संपत असेल तर माणशी रोज सुमारे ४२ मिली, म्हणजे ५ मिलीचे आठ चमचे. हा आकडा काकूंनी स्वतः काढला की पुढच्या महिन्यात तेल किती आणायचं हे त्याच ठरवतात.

काकू स्वतः कोचिंग घेत असतील तेव्हा चुका वेगळ्या होतात. चार्टवर लिहिलेलं असतं, "रात्री साडेसातला जेवा." सगळ्यांना वाढून त्या दहाला बसतात. उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून त्याच संपवतात. पहाटे डबे, दुपारी सासूबाईंची औषधं. चालायला वेळ कधी काढायचा? अशा बाईला "स्वतःसाठी वेळ काढा" म्हणणं मला क्रूर वाटतं. भात मोजून कमी लावणं, उरलेला लगेच झाकून फ्रिजमध्ये ठेवणं, आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचा चहा मुलाने करणं, यांवर घरातल्यांशी मिळून बोलता येतं. बचत गटाच्या किंवा भजनी मंडळाच्या मैत्रिणींबरोबर चालणं ठरलं तर ते जास्त टिकतं, कारण बाहेर पडायला घरात वेगळं कारण सांगावं लागत नाही.

फक्त काट्याकडे बघणं

चेन्नईच्या अभ्यासातल्या जीवनशैली गटाचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी मधुमेह कमी झाला. आपल्याकडे हे लक्षात ठेवणं फार गरजेचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची तुलना ब्रिटनमधल्या जॉन युडकिन यांच्याशी करून दाखवली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण सडपातळ दिसतो तेव्हाही पोटाशी चरबी असू शकते. कंबर मोजा, पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या पुढे धोका वाढतो. एचबीए१सी दर महिन्याला करून घेऊ नका, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. मधल्या काळात किती दिवस चाललात, जिना चढताना दम कमी लागतो का, झोप कशी आहे, हे लिहून ठेवा.

कोचने डॉक्टर होणं

इथे चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला "दिवसातून एकदाच जेवा" किंवा "सलग उपवास करा" असं परस्पर सांगितलं आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावं आणि डॉक्टरांना कळवावं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठावं. चतुर्थी, एकादशी, नवरात्र किंवा रोजा, कोणत्याही उपवासाच्या आधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोलणं झालेलं हवं. छातीत दुखणं, कारण नसताना वजन झपाट्याने उतरणं, पायाची न भरणारी जखम, सतत निराश वाटणं, यांवर कोचने योजना आखू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावं.

अमेरिकेत हेल्थ कोचसाठी राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणपत्र परीक्षा २०१७ पासून आहे. आपल्याकडे 'वेलनेस कोच' अशी पाटी लावायला परवाना लागत नाही. त्यामुळे प्रोटीन पावडरचे डबे विकणाराही कोच म्हणवतो आणि खरोखर शिकून आलेलाही. पैसे भरण्याआधी सरळ विचारा: प्रशिक्षण कुठे आणि किती काळ घेतलं? तुम्ही एखादं उत्पादन विकता का? माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? गोळ्या बंद करून देण्याची हमी देता का? शेवटच्या प्रश्नाला "हो" असं उत्तर आलं तर तिथून उठा. पहिल्या भेटीत तो किती बोलला आणि तुम्ही किती बोललात, हेही बघा. नव्वद टक्के वेळ तोच बोलला असेल तर दुसरा कोच शोधा.