‘आउटसाइड’ हा इंग्रजी शब्द नेमका कसा वापरावा

विदर्भातल्या खेड्यात ‘बाबा कुठे आहेत?’ या प्रश्नाला ‘बाहेर गेले’ असे उत्तर मिळाले, तर बाबा अंगणात बंडी जुंपत असतील, वावरात असतील किंवा लग्नासाठी अमरावतीला गेलेले असतील. आपला ‘बाहेर’ हे सारे सामावून घेतो. इंग्रजीतला ‘आउटसाइड’ एवढा ऐसपैस नाही, आणि बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

म्हणून सर्वप्रथम ‘कशाच्या बाहेर?’ हे ठरवावे. ‘आउटसाइड’ला भिंत, दार, कुंपण, गावकूस अशी एखादी हद्द लागते. बाबा अंगणात असतील तर ‘ही इज आउटसाइड’ हे बरोबर आहे. वावरात असतील तर ‘इन द फील्ड’, परगावी असतील तर ‘आउट ऑफ टाउन’ आणि परदेशी असतील तर ‘अब्रॉड’ म्हणावे. रजेच्या अर्जात आपण लिहितो ते ‘आउट ऑफ स्टेशन’ भारतात चालते, पण इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला ते सहसा उमगत नाही.

त्यानंतर शब्दाची वाक्यातली जागा पाहावी, कारण हा एकच शब्द चार कामे करतो. ‘वेट आउटसाइड’मध्ये तो क्रियाविशेषण आहे. ‘आउटसाइड द स्कूल’मध्ये नामाच्या आधी येऊन तो आपल्या ‘-बाहेर’चे काम करतो, फरक एवढाच की आपला शब्दयोगी नामामागून येतो आणि त्यांचा नामाआधी. ‘द आउटसाइड ऑफ द हाउस’ म्हणजे घराची बाहेरची बाजू, जी आपल्याकडे पोळ्याच्या वा दिवाळीच्या आधी सारवली जाते. इथे तो नाम आहे. ‘ॲन आउटसाइड वॉल’मध्ये मात्र तो विशेषण होतो आणि उच्चारताना जोर ‘आउट’वर पडतो, तर क्रियाविशेषण असताना तो ‘साइड’वर जातो.

आता ‘ऑफ’चा प्रश्न. मराठीतल्या ‘शाळेच्या बाहेर’मधला ‘च्या’ मनात असल्यामुळे विद्यार्थी ‘आउटसाइड ऑफ द स्कूल’ लिहितात. अमेरिकी बोलण्यात हे सर्रास ऐकू येते, परंतु औपचारिक लेखनात ‘ऑफ’ गाळणेच चांगले. ‘आउटसाइड’ नाम असेल तेव्हा मात्र ‘ऑफ’ हवाच. ‘आउटसाइड टू’ कधीही लिहू नये.

दोन प्रयोग वेगळे लक्षात ठेवावेत, कारण त्यांत जागेचा संबंधच उरत नाही. ‘टेन क्विंटल्स ॲट दि आउटसाइड’ म्हणजे जास्तीत जास्त १० क्विंटल. ‘ॲन आउटसाइड चान्स ऑफ रेन’ म्हणजे पावसाची अगदी अंधुक शक्यता. पेरणी करून आभाळाकडे डोळे लावणाऱ्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शेवटी, मराठीतला प्रत्येक ‘बाहेर’ इंग्रजीत नेण्याचा मोह आवरावा. १७ नंबरचा फॉर्म भरून ‘बाहेरून’ दहावी देणारा मुलगा इंग्रजीत ‘प्रायव्हेट कॅन्डिडेट’ असतो. उलटा घातलेला सदरा ‘इनसाइड आउट’ असतो. आणि ‘त्याला बाहेरचे लागले आहे’ याचे भाषांतर तर ‘आउटसाइड’ने मुळीच करू नये, ते ऐकून इंग्रज पाहुणा दारात कोण उभे आहे, हे पाहायला उठेल.