गुदाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधीचे रेडिएशन : तारखांच्या या चुका टाळा

शेजारच्या रुग्णाची शस्त्रक्रिया रेडिएशन संपल्यावर चारच दिवसांत झाली, मग आम्हालाच दोन महिने का थांबवले, असे नातेवाईक काळजीने विचारतात. घोटाळा मोजणीचा असतो, कारण रेडिएशनचे कोर्स छोटा आणि मोठा असे दोन प्रकारचे असतात. छोट्या कोर्समध्ये रोज 5 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) याप्रमाणे 5 दिवसांत 25 ग्रे देतात. मोठ्या कोर्समध्ये आठवड्याला 5 दिवस अशी 25 ते 28 सिटिंग, एकूण 45 ते 50.4 ग्रे आणि सोबत बहुधा कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधाच्या गोळ्या असतात. मोठ्या कोर्सनंतर गाठ आकसायला वेळ लागत असल्याने शस्त्रक्रिया साधारण 6 ते 12 आठवड्यांनी होते, आणि मध्ये केमोथेरपी ठरली असेल तर त्याहूनही उशिरा. छोट्या कोर्सनंतर ती एकतर आठवडाभरात करतात किंवा 4 ते 8 आठवडे थांबून करतात. पहिल्या सिटिंगपासून 11 ते 17 दिवसांच्या मधल्या टप्प्यात झालेल्या शस्त्रक्रियांत गुंतागुंत अधिक असल्याचे स्वीडनमधील स्टॉकहोम-3 अभ्यासात दिसले होते. म्हणून ठरलेली तारीख घरगुती अडचणीसाठी आठवडाभर पुढे ढकलण्याआधी सर्जनला अवश्य विचारावे.

दुसरी चूक म्हणजे सिटिंग परस्पर चुकवणे. एखादा दिवस बुडालाच, तर तो कसा भरून काढायचा हे रेडिएशनचे डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी त्यांना त्याच दिवशी कळायला हवे.

मशीनवर झोपण्याआधी अमुक इतके पाणी पिऊन अमुक इतका वेळ थांबा, असे सांगितलेले असते, आणि ते रोज तंतोतंत पाळायचे असते. नियोजनाच्या सीटी स्कॅनच्या वेळी मूत्राशय जितके भरलेले होते तितकेच ते रोज असावे, कारण भरलेले मूत्राशय लहान आतड्याला किरणांच्या वाटेतून वर सारते. कंबरेवर केलेल्या खुणाही घासून पुसू नयेत. पुसट झाल्यास त्या स्वतः पेनाने गिरवू नयेत, तंत्रज्ञांना दाखवाव्यात.

रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन चालू असेल तर ते कॅपेसिटाबिन सुरू होण्याआधीच सांगावे, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सर्वांत जास्त जीव तुटतो तो पुढच्या चुकीने. रेडिएशननंतर रक्त पडणे थांबते, शौचाचा त्रास कमी होतो, आणि बरे वाटू लागलेला रुग्ण पुन्हा तपासणीला येतच नाही. गाठ खरोखर किती उरली आहे, हे एमआरआय, दुर्बिणीची तपासणी आणि बोटाने केलेली तपासणी यांवरूनच कळते. गाठ पूर्ण नाहीशी झालेली दिसली आणि शस्त्रक्रिया न करता थांबायचे असेल, तर पहिली काही वर्षे दर थोड्या महिन्यांनी याच तपासण्या कराव्या लागतात.

पोट फुगले, वायू सरेनासा झाला आणि उलट्या सुरू झाल्या, तर मात्र पुढच्या सिटिंगची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.