सी कंट्रीवर काम करायचे असेल तर: किनारा-व्यवस्थापनातील तज्ज्ञांसाठी

ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल लोक आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी आपल्या समुद्राला ‘सी कंट्री’ म्हणतात. यातील ‘कंट्री’ या शब्दाला ‘देश’ किंवा ‘प्रदेश’ हे प्रतिशब्द अपुरे पडतात. ओहोटीला उघडे पडणारे खडक, समुद्री गवताची कुरणे, त्यांवर चरणारे डुगाँग (गवत खाणारे मोठे सागरी सस्तन प्राणी), वारे, तारे, पूर्वजांनी चाललेल्या वाटा आणि या सर्वांची जबाबदारी वाहणारी माणसे, हे सारे मिळून कंट्री होते. जमीन कोठे संपते आणि समुद्र कोठे सुरू होतो, याची जी रेघ किनारा-व्यवस्थापनाच्या नकाशांवर ठळक दिसते, ती या कल्पनेत नाही. सागरी जीवशास्त्रज्ञ, किनारा-अभियंते, नियोजनकार आणि सागरी उद्यानांचे व्यवस्थापक यांनी अशा ठिकाणी काम कसे करावे, यासंबंधी माझे सांगणे मुख्यतः एकच आहे: प्रश्न कागदावर पक्का होण्याआधी त्या समुद्राच्या माणसांकडे जावे. प्रश्न ठरवून, निधी मंजूर करून घेऊन आणि बोटीची तारीख नक्की करून मग ‘सहभाग’ मागायला गेल्यास समोरच्यांच्या हाती होकार किंवा नकार एवढेच उरते, आणि ज्या कामात त्यांचे ज्ञान सर्वाधिक उपयोगी पडले असते, ते काम तोवर होऊन गेलेले असते.

पहिले काम म्हणजे हा समुद्र कोणाचा, हे शोधणे. परंपरेने चालत आलेल्या हक्कांना तेथील कायद्यात ‘नेटिव्ह टायटल’ म्हणतात; राष्ट्रीय नेटिव्ह टायटल न्यायाधिकरणाच्या नोंदवहीत मंजूर आणि प्रलंबित दावे पाहता येतात, आणि मंजूर दाव्यांमध्ये हक्क सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचे नावही मिळते. त्यासोबत त्या भागातील लँड कौन्सिल (परंपरागत मालकांचे प्रतिनिधित्व करणारे मंडळ) आणि कंट्रीची देखभाल करणारे स्थानिक रेंजर गट यांच्याकडे चौकशी करावी. कायद्याची पार्श्वभूमी वाचल्याशिवाय मात्र या नोंदींचा अर्थ लागत नाही. असे हक्क प्रथम मान्य करणाऱ्या 1992 च्या माबो निकालानंतर 1993 मध्ये नेटिव्ह टायटल कायदा झाला. क्रोकर बेटाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने (हेच ऑस्ट्रेलियातील सर्वांत वरचे न्यायालय) 2001 मध्ये समुद्रावरही असे हक्क असू शकतात हे मान्य केले, पण ते इतरांना वगळणारे नसतील असे ठरवले. ब्लू मड बेच्या 2008 च्या निकालाने ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील नॉर्दर्न टेरिटरीत, जेथे किनारा ॲबोरिजिनल मालकीचा आहे, तेथे ओहोटीच्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यावर, म्हणजे त्यावर भरतीचे पाणी असतानाही, प्रवेश कोणाला द्यायचा हा अधिकार परंपरागत मालकांकडे असल्याचे स्पष्ट केले; हा पट्टा त्या टेरिटरीच्या सुमारे 80 टक्के किनाऱ्याला लागू होतो. पुढे 2013 मध्ये टॉरेस सामुद्रधुनीच्या दाव्यात सागरी संपत्ती व्यापारासाठी घेण्याचा हक्कही मान्य झाला. तेव्हा दोन शेजारच्या खाड्यांमध्येसुद्धा परवानगीची स्थिती वेगळी असू शकते, आणि एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे.

नोंदणीकृत संस्था सापडली म्हणजे योग्य माणूस सापडला, असेही नाही. संस्था करार करते. परंतु एखाद्या विशिष्ट खडकाविषयी, बेटाविषयी किंवा प्रवाळाविषयी कोणी बोलायचे, हे कुळ, नाते आणि वारसा यांवरून ठरते. म्हणून पहिल्याच भेटीत ‘या जागेविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा?’ असे सरळ विचारावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही; न विचारता भलत्याच माणसाकडून माहिती घेणे हेच खरे अवमानकारक ठरते, आणि त्या माणसालाही ते अडचणीत टाकते.

येथे ब्लू मड बेच्या चित्रांची आठवण करून द्यावीशी वाटते. 1996 मध्ये तेथील एका पवित्र जागी बेकायदा मासेमारीचा तळ आणि मगरीचे कापलेले मुंडके आढळले. मगर म्हणजे तेथील योल्ङू लोकांच्या दृष्टीने बारू हा पूर्वज. त्या घटनेनंतर 47 योल्ङू चित्रकारांनी झाडाच्या सालीवर 80 चित्रे रंगवली आणि आपल्या समुद्राचे नियम, सीमा व कथा जगापुढे मांडल्या. पुढच्या न्यायालयीन लढ्यातही ती उपयोगी पडली. भरतीच्या रेषा, गोड्या आणि खाऱ्या पाण्याची भेट, कोणत्या कुळाचा कोणता प्रवाह, हे सारे त्यांत आहे. अशी चित्रे, गाणी आणि नृत्ये यांना अहवालाच्या मुखपृष्ठावरची सजावट समजू नये. ते दस्तऐवज आहेत, आणि ते वाचण्यासाठी वाचणारा लागतो.

संपर्क कसा साधायचा, याचा धडा नॉर्दर्न टेरिटरीतील तिवी बेटांच्या प्रकरणातून घ्यावा. सप्टेंबर 2022 मध्ये फेडरल न्यायालयाने तिवी बेटांच्या उत्तरेकडील समुद्रात वायूच्या विहिरी खणण्याची परवानगी रद्द केली, कारण मुनुपी कुळाच्या लोकांशी सल्लामसलत झालेली नव्हती. डिसेंबरमध्ये अपिलातही तो निकाल कायम राहिला. न्यायाधीशांनी प्रत्यक्ष तिवी बेटांवर जाऊन साक्षी ऐकल्या होत्या. यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की ईमेल पाठवणे म्हणजे सल्लामसलत नव्हे. प्रत्यक्ष जावे, आपण कोण, कोणाच्या पैशावर आलो आणि या कामातून कोणाचा फायदा होणार, हे साध्या भाषेत सांगावे, आणि पहिल्या भेटीत कोणत्याही कागदावर सही मागू नये. पूर्वकल्पना देऊन, पूर्ण माहितीनिशी आणि दबावाशिवाय घेतलेली संमती हा आदिवासी लोकांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या घोषणापत्राचा गाभा आहे. ऑस्ट्रेलियाने त्याला 2009 मध्ये पाठिंबा दिला. व्यवहारात तिचा अर्थ असा की लोकांना आपापसात, त्यांच्या भाषेत आणि बाहेरचे कोणी समोर नसताना चर्चा करायला वेळ मिळाला पाहिजे.

वेळापत्रक त्या हिशेबानेच आखावे. उत्तरेकडे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा असतो. तेव्हा रस्ते पाण्याखाली जातात आणि चक्रीवादळांचा धोका असतो. गावात कोणी वारले की ‘सॉरी बिझनेस’ सुरू होतो, आणि अशा वेळी सर्व सभा थांबतात. किती दिवस, हे बाहेरच्याने विचारायचे नसते. आपला दौरा रद्द झाला तर तक्रार न करता परत यावे व पुढच्या दौऱ्याचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरलेला असावा. ज्येष्ठांचा वेळ हा तज्ज्ञांचा वेळ आहे. त्याचे मानधन, प्रवास, बोटीचे इंधन, दुभाषा आणि जेवण यांसाठी निधीच्या अर्जात स्वतंत्र ओळी असाव्यात. संस्थेतल्या वैज्ञानिकाला वेतन आणि ज्येष्ठांना फक्त आभार, ही वाटणी मला अत्यंत अन्यायाची वाटते.

माहिती गोळा करण्याची सर्वांत फलदायी रीत म्हणजे नकाशा. मोठ्या आकाराचा छापील नकाशा किंवा उपग्रहचित्र न्यावे आणि ते भिंतीवर न टांगता सावलीत जमिनीवर अंथरावे, कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. पहिल्यांदा बहुधा कोणीतरी नकाशा फिरवेल, कारण कागदावरची उत्तर वर आहे आणि खरी खाडी तर समोर भलत्याच दिशेला दिसते आहे. कागद आणि किनारा एका दिशेला आले की मग बोलणे सुरू होते. जेथे आपल्या कागदावर नुसता निळा रंग आहे, तेथे बोट ठेवून नावे सांगितली जातात: हा वाळूचा उंचवटा, येथे प्रवाह वळतो, येथे डुगाँग येतात, येथे थांबायचे नाही. आपण पेन हातात घेऊ नये. लिहायचे काय आणि काय नाही, हे सांगणाऱ्यांनीच ठरवावे. ‘येथे थांबायचे नाही’ असे म्हटल्यावर कारण विचारण्याचा मोह आवरावा. नमुने घेण्याचे ठिकाण हलवावे आणि अहवालात ते का हलवले याचा तपशील न देता ‘परंपरागत मालकांच्या सूचनेनुसार’ एवढेच नोंदवावे.

काही ज्ञान फक्त पुरुषांचे असते, काही फक्त स्त्रियांचे, आणि काही ठरावीक टप्पा गाठलेल्यांचेच. म्हणून गटात स्त्री आणि पुरुष दोन्ही संशोधक असावेत. ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, जागांचे अक्षांश-रेखांश आणि झाडांचे वा माशांचे उपयोग यांची मालकी कोणाकडे, ते कोण पाहू शकेल आणि माणूस वारल्यावर त्याचा आवाज व चित्र यांचे काय करायचे, हे कामाआधी लेखी करारात यावे. अनेक समाजांत मृत व्यक्तीचे नाव काही काळ उच्चारत नाहीत, तिचे छायाचित्र दाखवत नाहीत. त्यामुळे प्रकाशनाआधी प्रत्येक छायाचित्राबद्दल कुटुंबाला विचारावे. ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनी बेटवासी अभ्यास संस्थेची 2020 ची संशोधन-नीतिसंहिता या बाबतीत आधारभूत मानावी. नियतकालिके सर्व आकडे खुले करण्याचा आग्रह धरतात. कासवांची घरटी किंवा पवित्र जागा दाखवणारे आकडे त्यातून वगळण्याची मुभा आधीच मागून ठेवावी.

प्रत्यक्ष समुद्रावर गेल्यावर रेंजरांना मदतनीस समजू नये. ईशान्य आर्नहेम लँडमधील धिमुरू ही संस्था 1992 पासून काम करते आहे, आणि कार्पेंटारियाच्या आखातात वाहून येणारी बेवारस जाळी, ज्यांना घोस्ट नेट म्हणतात, ती किनाऱ्यावरून काढण्याचे तिचे काम सर्वपरिचित आहे. ओल्या वाळूत अर्धे पुरलेले जाळे ओढणे म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहावे. दोर ताणला की वाळू सुटत नाही, जाळ्याची वीण शंखशिंपल्यांनी जड झालेली असते, आणि आत कासव असेल तर पात्याची धार मानेच्या सुरकुत्यांपासून दूर धरून एकेक दोरा कापावा लागतो. कासवाने पाय मारले की सगळे थांबतात. कोणत्या वाऱ्यानंतर कोणत्या किनाऱ्यावर जाळी लागतील, हे रेंजर आधीच सांगतात. प्रवाहाचे गणिती प्रारूप मांडण्यापूर्वी त्यांच्याशी बसणे शहाणपणाचे आहे. ज्यांनी आकडे गोळा केले आणि निष्कर्ष काढण्यात भाग घेतला, त्यांची नावे, त्यांची इच्छा असल्यास, लेखकांमध्ये यावीत.

डुगाँग आणि कासवांच्या शिकारीचा विषय निघाला की बाहेरचे संवर्धक अस्वस्थ होतात. नेटिव्ह टायटल कायद्याच्या कलम 211 नुसार हक्कधारकांना वैयक्तिक, घरगुती आणि बिगरव्यापारी सामुदायिक गरजांसाठी शिकार व मासेमारी करता येते. ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानात परंपरागत मालक स्वतः मर्यादा ठरवून करार करतात. असा पहिला करार 2005 मध्ये गिरिंगुन समूहांनी केला. तज्ज्ञाने येथे परवानगी देणाऱ्याच्या भूमिकेत जाऊ नये. समुद्री गवताची स्थिती, बोटींच्या धडका, नदीतून येणारा गाळ, जाळ्यांत अडकणारे प्राणी यांची माहिती पुरवावी, आणि किती घ्यायचे हा निर्णय ज्यांचा आहे त्यांनाच तो घेऊ द्यावा. शिकारीवर बोट ठेवून गाळाविषयी मौन बाळगणारा अहवाल मला अर्धवट वाटतो.

दोन ज्ञानपद्धती शेजारी ठेवताना एकीने दुसरीला ‘सिद्ध’ करावे, अशी मांडणी टाळावी. योल्ङू लोकांत ‘गन्मा’ ही कल्पना आहे: गोड्या पाण्याचा प्रवाह आणि समुद्राचे खारे पाणी खाजणात भेटतात, फेस उठतो, तरीही दोन्ही पाणी आपापले राहते. 2020 मध्ये वायव्य किनाऱ्यावरील मुरुजुगाजवळ समुद्राच्या तळाशी दगडी अवजारे सापडली. समुद्र चढण्यापूर्वी, किमान 7,000 वर्षांपूर्वी, तेथे माणसे राहत होती. विज्ञानासाठी तो शोध होता. ज्यांच्या दृष्टीने तो तळ आजही कंट्रीच आहे, त्यांच्याशी मिळूनच तो झाला, आणि केबल टाकणे, गाळ उपसणे किंवा बंदर वाढवणे यांचे मूल्यमापन करताना बुडालेल्या जमिनीचा विचार करणे त्यामुळे आता टाळता येत नाही.

निष्कर्ष परत नेणे हा कामाचाच भाग आहे, आणि त्याचा खर्च पहिल्या दिवशी बाजूला काढलेला असावा. अहवालाचा मसुदा छापण्याआधी त्याच गावात, त्याच नकाशासह, जमिनीवर अंथरून दाखवावा. चुकलेली नावे दुरुस्त करून घ्यावीत, काढायला सांगितलेले काढावे. मूळ नोंदी, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांची संपूर्ण प्रत रेंजरांच्या कार्यालयात चालतील अशा साधनावर ठेवावी, कारण तेथील इंटरनेटवर विसंबता येत नाही. पुढच्या वर्षी प्रकल्प नसला तरी फोन करून समुद्र कसा आहे हे विचारावे.