मिरवणुकीआधी मोहल्ल्यात काय करून ठेवावं

मी इंदूरच्या मल्हारगंजात राहते. 22 वर्षं गल्लीतल्या गणपतीचा हिशेब माझ्याकडे आहे. देवावरून हिंदू-मुसलमानांत भांडण सुरू झालेलं मी एकदाही पाहिलं नाही. ते वेळेवरून, भोंग्यावरून नाहीतर मोबाइलवरच्या खोट्या बातमीवरून पेटतं. तेव्हा तयारी याचीच करा.

आधी दोन पंचांगं शेजारी ठेवा. इस्लामी वर्ष 354-355 दिवसांचं, आपलं अधिक महिन्याने सावरलेलं, म्हणून सण सरकत सरकत एकमेकांवर येतात. 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद, दोन्ही 28 सप्टेंबरला होत्या. पुढची दोन वर्षं एकेका दिवसाच्या अंतराने. अशा वर्षी महिनाभर आधी मशिदीच्या सदरसाहेबांकडे, म्हणजे अध्यक्षांकडे, स्वतः जा, निरोप धाडू नका. मगरिबची नमाज सूर्य मावळला की लगेच, म्हणजे सप्टेंबरात आमच्याकडे साडेसहाच्या सुमारास. आम्ही आरती सव्वासातला ठेवली, कुणाचंच काही अडलं नाही. जे ठरेल ते शांतता समितीच्या बैठकीत टीआय साहेबांसमोर, म्हणजे पोलीस ठाण्याच्या प्रमुखांसमोर, मोठ्याने बोला, म्हणजे नंतर कुणी शब्द फिरवत नाही.

भोंग्याचा कायदा सगळ्यांना एकच: रात्री 10 ते सकाळी 6 बंद, शासनाने सूट दिली तरच चालू. हे मुलांना डीजेवाल्याला बयाणा द्यायच्या आधी सांगा.

आता अफवा. एका वर्षी रात्री अकराला ग्रुपवर आलं, मूर्तीवर दगड मारला. मी तशीच पंडालात गेले. मुलं जमलेली, आवाज चढलेले. गजाननाची करंगळी तुटली होती, हे खरं. सतरंजी उचलली तर तुकडा तिथेच, आणि शेजारी पंडालचा सुटून पडलेला बांबू, टोकाला मूर्तीचा शेंदरी रंग लागलेला. बांबूचा फोटो लगेच ग्रुपवर टाकला आणि सगळ्यात जास्त ओरडणाऱ्या मुलाच्या हातात बांबूच दिला. त्याने रंगावरून बोट फिरवलं आणि गप्प झाला.

म्हणून बातमी आली की आधी जागेवर जा. व्हिडिओ असेल तर माणसं सोडा, मागचं बघा: पाट्या कोणत्या लिपीत, झाडं कसली. आपल्या माळव्यात नारळाच्या रांगा कुठून येणार? खोटं निघालं तर ज्याने टाकलं त्याच्याच हातून काढवून घ्या, चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नका. दगड खराच असेल तर कशाला हात न लावता 112 ला फोन करा.

आणि स्थापनेच्या आदल्या रात्री पंडालचा एकेक बांबू हलवून बघा. मी दरवर्षी बघते.