कॉम्प्युटरला पाणी पाजताय? मग ब्लॉक उघडायला शिका

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्याच उन्हाळ्यात मी व्हिडिओ एडिटिंगच्या मशीनला पहिल्यांदा वॉटरकूलिंग बसवलं: पंप पाणी फिरवतो, ते प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ब्लॉकमधून उष्णता घेतं आणि रेडिएटरमध्ये गार होतं. शेजारच्या काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "माणसाला प्यायला पाणी नाही, अन् हा डब्याला पाजायलाय!" मी त्यांना समजावलं की लिटरभरच पाणी आहे, तेच ते फिरत राहतं. ते खरंच आहे. पण वर्षातून एकदा ते बदलावं लागतं, आणि मशीन बिघडतं ते चालताना नाही, तर आपण हात घालतो तेव्हा.

हे काम फेब्रुवारीत उरका. एप्रिल-मेमध्ये लग्नसराईची रेंडरिंग रात्रभर चालू असतात, तेव्हा मशीन उघडून बसायला वेळ नसतो.

आधी पाण्याचं. "जारचं पाणी चालेल का?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी उत्तराऐवजी टीडीएसचं, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारं, पेन हातात देतो. जारचं असो, घरच्या आरओचं असो, क्षार कमी झालेले असतात, संपलेले नसतात. बोअरच्या पाण्यानं कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर चढतो, तोच ब्लॉकच्या आत चढायला लागतो. फक्त तो दिसत नाही. डिस्टिल्ड पाणी घ्या. बॅटरीच्या दुकानातला कॅन घेतलात तर ओतण्याआधी पेन बुडवून बघा. आकडा शून्याच्या आसपास नसेल तर तो कॅन इन्व्हर्टरला वापरा. डिस्टिल्ड पाण्यात गंज आणि शेवाळ रोखणारं तयार कॉन्सन्ट्रेट घाला, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. दुधासारखे दिसणारे रंगीत कूलंट फोटोपुरते छान. त्यातला रंग खाली बसतो आणि वर्षभरानं तुम्हीच तो टूथब्रशनं खरवडत बसता.

मशीन बंद करा, पाणी काढा, रेडिएटरची धूळ ब्लोअरनं उडवा आणि आतून दोन-तीनदा डिस्टिल्ड पाण्यानं खळखळून धुवा. इथवर काही अवघड नाही.

लूप, म्हणजे टाकी, पंप, नळ्या, रेडिएटर आणि ब्लॉक यांची साखळी, रिकामा झालाच आहे तर अपग्रेडही आत्ताच करा. प्रोसेसरचा ब्लॉक सहसा नव्या मदरबोर्डावर जातो, पण माउंटिंग बघून घ्या. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटला (प्रोसेसर बसतो ती जागा) छिद्रांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, १७००ला ते ७८ झालं, म्हणजे जुना ब्रॅकेट बसणार नाही. एएमडीमध्ये एएम४ आणि एएम५ सॉकेटची छिद्रं जुळतात, पण एएम५ची मागची प्लेट निघत नाही. तुमचा ब्लॉक स्वतःची प्लेट मागत असेल तर वेगळं किट लागेल. ग्राफिक्स कार्डाचं मात्र सरळ आहे. त्याचा ब्लॉक त्या-त्या कार्डाच्या बोर्डाप्रमाणे कापलेला असतो. म्हणून आधी ब्लॉक मिळतोय का ते बघा, मग कार्ड घ्या. उलट करणारे नंतर कार्ड विकायला काढतात.

पैसे उरले तर मोठा पंप घेऊ नका, रेडिएटर घ्या. पाणी खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही, हे आपल्याकडे कोणी लक्षात घेत नाही. मे महिन्यात दुपारी खोली ३८वर असेल आणि पाणी त्याहून १० अंश वर गेलं, तर ४८ झाले. डी५ या नेहमीच्या वॉटरकूलिंग पंपाची मर्यादा ६० आहे, आणि पीईटीजी प्लॅस्टिकच्या कडक नळ्याही त्या आसपास मऊ पडायला लागतात. मी म्हणूनच काळी रबरी ईपीडीएम ट्यूब वापरतो. दिसायला बागेतल्या पाइपसारखी दिसते, दिसू दे. आणि स्वस्तात मिळतो म्हणून अॅल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या लूपमध्ये घालू नका. दोन धातू एकाच पाण्यात आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

आता ब्लॉक. इथे घाई करू नका.

उघडण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. आतली जेटप्लेट, म्हणजे चिरा असलेली पातळ पट्टी, कुठल्या बाजूनं बसली होती ते नंतर आठवत नाही. स्क्रू काढले की तांब्याच्या प्लेटवर केसाएवढ्या फटींची कंगव्यासारखी रांग दिसेल. त्यात पांढरा चिकट साय-साय थर असेल तर तो बहुतेक पारदर्शक ट्यूबमधून सुटलेला प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणारा पदार्थ, आहे. मऊ टूथब्रश, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, फटींच्या दिशेनंच घासायचं. तांबं आहे म्हणून चिंच-मीठ लावू नका, तो देवघरातला तांब्या नाही. निकेलचा मुलामा असेल तर व्हिनेगर आणि लिंबूही लांब ठेवा. वरचं झाकण अॅक्रिलिकचं असेल तर त्याला स्पिरिट किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावू नका. बारीक चिरा पडतात.

मग ओ-रिंग, म्हणजे झाकण आणि प्लेटमधून पाणी गळू न देणारी रबरी कडी. माझे पैसे इथेच बुडाले. तिसऱ्या वर्षी मी ब्लॉक धुतला, रिंग झाकणाच्या खाचेत बसवली, झाकण उलटं करून प्लेटवर ठेवलं आणि स्क्रू आवळले. उलटं करताना रिंग एका कोपऱ्यात खाचेतून बोटभर सुटली होती, मला दिसली नाही. अर्धा तास पंप चालवला, खाली पसरलेला पेपर कोरडा. रात्री रेंडर लावून झोपलो. पाणी तापलं आणि थेंब थेंब ग्राफिक्स कार्डावर. सकाळी स्क्रीन काळी, आणि नवरदेवाकडचे फोनवर.

तेव्हापासून माझा नियम असा: खाच ज्या भागात आहे तो भाग टेबलावर, खाच वर करून ठेवायचा, आणि दुसरा भाग त्यावर आणायचा. अख्खी जुळणी उलटी करावी लागली तरी चालेल. रिंगला अगदी नखाएवढं सिलिकॉन ग्रीस. गॅरेजमधलं ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, त्यानं ईपीडीएमची रिंग फुगते. स्क्रू कारच्या चाकासारखे समोरासमोरचे, प्रत्येकाला थोडा-थोडा पीळ देत. पारदर्शक झाकण असेल तर टॉर्च मारून बघा: रिंगची काळी रेघ सगळीकडे सारख्या जाडीची दिसली पाहिजे. कुठे बारीक किंवा दुहेरी दिसली तर पुन्हा खोला. "चालून जाईल" म्हणू नका, मी म्हटलं होतं.

मग ब्लॉकची परीक्षा मशीनच्या बाहेर. एक तोंड बंद करा, दुसऱ्याला घड्याळ असलेला हातपंपाचा लीक टेस्टर लावा, ०.५ बार हवा भरा आणि वीस मिनिटं चहा प्या. काटा खाली आला नाही तर पास. सायकलच्या पंपानं हे करणारा एक हुशार माणूस मला माहीत आहे. गाडीच्या टायरात ३०-३२ पीएसआय असतं, इथे ७ पुरे, तेच ०.५ बार. जास्त मारलंत तर अॅक्रिलिकच फाटेल. सगळा लूप जोडल्यावर हीच परीक्षा पुन्हा.

भरताना मदरबोर्ड आणि कार्डाच्या पॉवर केबल काढून ठेवा. एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) बंद असताना २४ पिनच्या कनेक्टरमधली पीएस-ऑनची, म्हणजे तो चालू करणारी, वायर, रंगीत वायरी असतील तर हिरवी, शेजारच्या काळीला जोडा. मग एसएमपीएस चालू केला की बोर्डाला वीज न जाता पंप चालेल. टाकी भरा, पाच सेकंद चालू, बंद, परत भरा. कोरडा चालवू नका; डी५चं बेअरिंग पाण्यावरच फिरतं. कॅबिनेट चारी बाजूंनी हळूहळू कलवा, पंपाची घरघर थांबेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी टाकीतली पातळी बोटभर उतरलेली असेल. घाबरून फिटिंग आवळत सुटू नका. पेपर कोरडा असेल तर ती अडकलेली हवा बाहेर आली आहे. भरा आणि झाकण लावा.