‘हेड’ म्हणजे दर वेळी डोकं नसतं! वाक्यात उपयोग करताना या चुका टाळा

माझ्याकडे संध्याकाळी बिल्डिंगमधली पाच-सहा पोरं इंग्लिशला येतात, क्लास वगैरे काही नाही, आपलं डायनिंग टेबलावर बसून. परवाचा होमवर्क होता, ‘हेड’ हा शब्द एकदा लिटरल आणि एकदा फिगरेटिव्ह अर्थाने वाक्यात वापरा. लिटरल म्हणजे खरंखुरं हाडामांसाचं डोकं, आणि फिगरेटिव्ह म्हणजे डोक्याचं नुसतं नाव घेऊन दुसरंच काहीतरी सांगायचं. एका पठ्ठ्याने लिहिलं, ‘आय हॅव अ हेड.’ आहे रे बाबा, दिसतंय.

हसू नका, मोठी माणसं पण हेच करतात. वाक्य चुकीचं नाही, पण त्यातून अर्थच कळत नाही, कारण ‘ही हॅज अ हेड’च्या पुढे ‘फॉर नंबर्स’ लावलं की तेच वाक्य फिगरेटिव्ह होतं, म्हणजे त्याचं आकड्यांत डोकं चालतं. म्हणून लिटरल वाक्यात पुरावा ठेवायचा, हेल्मेट, बँडेज, टाके, टोपी, काहीही. ‘शी फेल ऑफ द बाइक अँड गॉट फोर स्टिचेस इन हर हेड.’ झालं, आता कोणी शंका घेणार नाही. ‘ही स्क्रॅच्ड हिज हेड’ मात्र टाळा, खरंच खाज सुटलीय की बुचकळ्यात पडलाय ते कळत नाही.

याच्या उलटी चूक जास्त कॉमन आहे. ‘द हेड ऑफ द डिपार्टमेंट’, ‘द हेड ऑफ द क्यू’, खिळ्याचं हेड, हे सगळं रोजचं झालंय म्हणून पोरं बिनधास्त लिटरलमध्ये टाकतात. अरे, रांगेला डोकं असतं का? साधी टेस्ट सांगते, जे म्हटलंय ते मानेवरचं, तेल लावता येईल असं डोकं आहे का बघा, नाही ना, मग ते फिगरेटिव्ह.

मान, मन आणि डोकं: खरा घोळ इथे आहे

आपण डोकं म्हणजे हेड असं समीकरण पाठ करून बसलोय, आणि दोन्ही भाषांनी शरीराची वाटणी वेगवेगळी केलीय. होकार द्यायला आपण मान डोलावतो, इंग्लिशवाला ‘नॉड्स हिज हेड’. नाही म्हणायला आपण मान हलवतो, तो ‘शेक्स हिज हेड’. शरमेने आपली मान खाली जाते, त्यांचं हेड, ‘शी हंग हर हेड इन शेम’. ताठ मानेने जगणं म्हणजे ‘होल्ड युअर हेड हाय’. म्हणजे आपली मान तिकडे गेली की तिचं डोकं होतं, आणि गंमत बघा, आपल्या डोक्याला ताप देणारा माणूस तिकडे जाऊन ‘अ पेन इन द नेक’ होतो! हे एकदा लक्षात आलं ना की ‘ही शूक हिज नेक’ असलं वाक्य हातून जाणारच नाही.

अजून एक. तोंडी हिशेब आपण मनातल्या मनात करतो, म्हणून पोरं लिहितात ‘आय डिड द सम इन माय माइंड’. तिथे हेडच पाहिजे, ‘आय डिड इट इन माय हेड’. आणि ‘डोक्यावर कर्ज आहे’ याचं ‘लोन इज ऑन माय हेड’ करू नका, ‘आय ॲम इन डेट’ म्हणा, कर्ज झेपण्यापलीकडे गेलं असेल तर ‘आय ॲम इन ओव्हर माय हेड’. पाणी डोक्यावरून गेलं, त्यातलंच ते.

सगळंच काही वेगळं नाही हां. लेक्चर डोक्यावरून गेलं, ‘इट वेंट ओव्हर माय हेड’, अगदी तस्संच. गरम डोक्याचा तो ‘हॉट-हेडेड’. यश डोक्यात गेलं, ‘सक्सेस वेंट टू हिज हेड’. पण अशा दोन-चार जोड्या जुळल्या की आपला कॉन्फिडन्स वाढतो आणि मग आपण ‘माझं डोकं खाऊ नको’ला ‘डोंट ईट माय हेड’ करून टाकतो. भारतात चालून जातं ते, पण बाहेरच्याला वाटेल कोणीतरी नरभक्षक आलाय. ‘स्टॉप पेस्टरिंग मी’ म्हणा.

‘डोकं फिरलं’चं तर मी तीन तुकडे करून शिकवते. रागाने फिरलं तर ‘लॉस्ट हिज टेम्पर’, वेड लागल्यासारखं फिरलं तर ‘लॉस्ट हिज माइंड’, आणि आग लागल्यावर घाबरून भलतंच करून बसला तर ‘लॉस्ट हिज हेड’. जो शांत राहिला तो ‘केप्ट हिज हेड’.

व्याकरणातले खडे

‘माय हेड इज पेनिंग’ आधी काढून टाका. ‘माय हेड हर्ट्स’ किंवा ‘आय हॅव अ हेडेक’. बॉल डोक्याला लागला, तर ‘बॉल हिट टू हिज हेड’ नाही, ‘द बॉल हिट हिम ऑन द हेड’, आधी माणूस आणि मग जागा.

अनेकवचनाचा वेगळाच ताप आहे. सगळ्यांनी मान हलवली हे आपल्याकडे एकवचनात भागतं, तिकडे ‘दे ऑल शूक देअर हेड्स’. पण गुरं मोजताना ‘फिफ्टी हेड ऑफ कॅटल’, तिथे एस लागत नाही. माणशी खर्च सांगताना पण ‘200 रुपीज अ हेड’. हे आपल्याला अवघड वाटायचं कारण नाही, ‘दरडोई उत्पन्न’ म्हणतोच की आपण, डोईमागे मोजायचं. इंग्लिशमध्ये त्यालाच ‘पर कॅपिटा’ म्हणतात, लॅटिनमध्ये ‘कापुट’ म्हणजे डोकं, त्यातूनच कॅप्टन आला, चीफ आला, हॉटेलातला शेफ पण आला.

ऑफिसवाल्यांसाठी एकच, ‘गिव्ह मी अ हेड अप’ नाही, ‘हेड्स-अप’, एस सकट, म्हणजे आधी कानावर घाला.

आणि छापा-काटा? ‘हेड्स ऑर टेल्स’ हे बोलणं राजाराणीचं डोकं असलेल्या नाण्यांवरचं, ब्रिटिशांच्या वेळच्या आपल्या रुपयावर पण व्हिक्टोरिया राणी होतीच. आता त्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह आहेत. 26 जानेवारी 1950 ला ते आपलं राजचिन्ह झालं. आणि खांबाच्या त्या वरच्या भागाला इंग्लिशमध्ये म्हणतात ‘कॅपिटल’, परत तेच, डोकं! मग नाण्यावरचं ‘हेड्स’ लिटरल की फिगरेटिव्ह यावर टेबलावर अर्धा तास वाद झाला. रेसवाल्यांचं मात्र सोपं आहे, महालक्ष्मी रेसकोर्सवर घोडा ‘बाय अ हेड’ जिंकला म्हणजे डोक्याच्या लांबीएवढाच पुढे होता, हे लिटरल. इलेक्शनमध्ये दोन उमेदवार ‘नेक अँड नेक’ चाललेत, हे फिगरेटिव्ह.

जाता जाता, ‘आय टुक हेड बाथ’. रविवारी डोक्यावरून अंघोळ केली असं सांगायचंय ना, मग ‘आय वॉश्ड माय हेअर’. इथे तर हेड नाहीच, नुसते केस.